मैनेचं तोंड: काटेरी लगामातून सुटलेल्या घोडीसाठी बिट निवडताना

मैना मारवाडी घोडी. रंग कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर चांद, उंची 60 इंचांच्या जरा खाली, वय नऊ-दहाच्या आसपास. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने ती दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली, मुख्यतः मुलीसाठी. मुलगी कॉलेजात जायच्या वयाची, नाशिकला रायडिंग शिकलेली, बैठक चांगली. मला बोलावणं आलं तोवर घोडी घरी येऊन काही महिने झाले होते. तक्रार अशी: खोगीर चढवेपर्यंत घोडी शांत, लगाम दिसला की मान आभाळात. वर बसून वाद्या (लगामाचे हातात धरायचे पट्टे) घेतल्या की ती तोंड वासते, मान झटकते, मागे मागे सरकते, आणि वाद्या आणखी ताणल्या तर पुढचे पाय उचलते. एकदा तोंडाच्या फेसात रक्ताची गुलाबी तार दिसली. त्यानंतर मुलीने तिच्यावर बसणंच बंद केलं होतं.

वडील म्हणाले, "मॅडम, यात्रेत ही एका जागी काय नाचत होती! मान अशी कमानीसारखी. घरी आणली तर तोंडाला हात लावू देईना."

यात्रेत ती ज्या लगामात नाचली तो विकणाऱ्याने सोबतच दिला होता. गोठ्याच्या खुंटीला टांगलेला होता. लोखंडी दांडा मधोमध जोडलेला आणि दोन्ही अर्ध्या भागांवर टोकदार दात्यांच्या रांगा. मी तो मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून नुसता दाबला, तर उठलेल्या खुणा बराच वेळ गेल्या नाहीत. हेच दाते जिभेवर आणि हिरडीवर टेकतात. वादी ओढली की रुततात, सैल सोडली की थोडे उठतात. त्यामुळे घोडी मान गोळा करून, तोंड छातीकडे घेऊन दात्यांच्या मागे लपायला शिकते. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. भारवाहू आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी 1965 साली केंद्राने केलेल्या नियमांत असं काटेरी साहित्य वापरायला मनाई आहे, तरी वरातीत आणि यात्रांत ते आजही दिसतं. यात्रेत घोडं घेणारा प्रत्येक जण ओठ वर करून पुढचे दात बघतो, वयाचा अंदाज घेतो आणि तोंड सोडून देतो. जीभ बाजूला करून हिरडी चाचपणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. तोंडाचा सगळा इतिहास मात्र तिथेच लिहिलेला असतो.

या कुटुंबाने काटेरी लगाम पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला, हे फार चांगलं केलं. त्यानंतर दुकानातून मध्ये एक सांधा असलेलं साधं स्टीलचं बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा दांडा, आणलं. घोडी तोंड वासत राहिली, म्हणून कुणीतरी जाड रबराचं बिट सुचवलं, "एकदम मऊ असतं" म्हणून. त्यात तिने जीभ वर काढायला सुरुवात केली. मग उलटा सल्ला आला: हिला सवयच कडक लगामाची, पिळलेल्या दांड्याचं बिट घाला, नाकावरचा पट्टा आवळा, मान खाली राहायला मार्टिंगेलचा पट्टा लावा. गुलाबी फेस आला तो या तिसऱ्या प्रयोगात.

यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळे जण एकाच शिडीवर विचार करत होते: खाली मऊ बिटं, वर कडक बिटं, घोडं ऐकत नसेल तर एक पायरी वर, घाबरत असेल तर एक पायरी खाली. माझं म्हणणं असं की बिटाचा मऊपणा दुकानात ठरूच शकत नाही. तो त्या घोड्याच्या जिभेची जाडी, टाळूची उंची, हिरडीची अवस्था आणि वाद्या धरणारे हात यांवर ठरतो. मैनेच्या बाबतीत "मऊ" रबराने जो त्रास दिला तो पाहिला की हे पटतं.

तोंडात काय होतं

पहिल्या भेटीत मी बिट हातात घेतलंच नाही. मोरकी (तोंडात काही न जाणारा, नुसता डोक्याला बांधायचा साज) घालून तिला सावलीत उभी केली. घोडी सांभाळणारा मोतद्दार डोक्याशी, मी खांद्याशी. घोड्याचे पुढचे कातरे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी हिरडी असते आणि बिट बसतं ते याच जागी. नराला साधारण चार-पाच वर्षांचा झाला की तिथे सुळे येतात. घोडीला बहुधा येत नाहीत, आले तरी बारीक. खालच्या जबड्यावर या भागात हाडाची कड अरुंद असते आणि तिच्यावर पातळ कातडीखेरीज काहीही नसतं. निसर्गाने इथे गादी दिलेली नाही.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग उडालेले पांढरट व्रण होते, डावीकडे एक ताजी चीर. अंगठा आत सरकवून मोकळी हिरडी चाचपली. उजवी बाजू गुळगुळीत. डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढा टणक उंचवटा, आणि त्यावर बोट टेकताच मैनेने मान झटकली. जिभेवर मधल्या भागात आडवी खोलगट खूण होती, जुनी आणि भरून आलेली. मग तोंड मिटलेलं असताना नुसता ओठ बाजूने उचलून पाहिला. जीभ इतकी मांसल की दातांच्या मधल्या फटीतून बाहेर डोकावत होती. टाळूही खाली उतरलेला. हिरडीच्या जागी दोन बोटं आडवी घातली तर वरून आणि खालून दाब लागत होता. लांब, निमुळता, देखणा चेहरा आणि आत जागा जवळजवळ नाही, अशी घोडी होती ही.

इथून पुढचं काम पशुवैद्याचं. भुलीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवायचा साचा लावून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात तपासणी झाली. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड घासली न जाता धारदार होत जाते. मैनेच्या वरच्या दाढांच्या कडा पात्यासारख्या झाल्या होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला जखमा होत्या. आवळलेला नाकपट्टा तेच गाल त्याच कडांवर दाबत होता! वर डाव्या दाढेच्या पुढ्यात एक बारीक उपदाढ होती, जिला वूल्फ टूथ म्हणतात. बिट सरकलं की तिच्यावर आपटण्याची शक्यता होती. डॉक्टरांनी दाढा कानशीने घासल्या, ती उपदाढ जागा बधिर करून काढली. घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं, म्हणून त्याची लस झाली आहे याची खात्री आधी करून घेतली होती. डाव्या उंचवट्याचा एक्स-रे काढला. हाडाचा मेलेला तुकडा आत अडकलेला नव्हता; वारंवार मार बसून हाडाने वाढवलेला जुना थर होता. तो कायमचा राहणार होता आणि आपल्याला बिट त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं.

दाढांच्या या अवस्थेला खुराकाचाही हात होता. मैनेला हरभरा आणि भरडा भरपूर, चारा बेताचा मिळत होता. घोडं चारा खाताना जबडा आडवा, लांब फिरवतं आणि दाढा बऱ्यापैकी सारख्या झिजतात. भरडा खाताना तो तितका फिरत नाही. डॉक्टरांनी लसूणघास आणि वाळलं गवत वाढवायला, हरभरा कमी करायला सांगितलं. बिटाच्या प्रश्नाचा एक धागा असा गव्हाणीपर्यंत जातो.

बिनलगामाचे आठवडे

जखमा भरेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही, असं ठरलं. या काळात मुलगी तिला लांब दोरीवर फिरवत होती. नंतर नाकाडावर वाद्या जोडलेल्या साध्या मोरकीत, बंद अंगणात, वर बसून नुसती चालवत होती. थांबण्याची खूण आवाजाने आणि बैठकीने द्यायची, वादी शेवटी.

विश्रांतीइतकीच ही परीक्षाही होती. मान झटकणाऱ्या घोड्याचं दुखणं दर वेळी तोंडातच असतं असं नाही. खोगीर मणक्यावर बसत असेल, पाठ धरली असेल, तरी घोडं वाद्यांशी भांडतं आणि दोष बिटावर जातो. खोगीर तेच ठेवून तोंड मोकळं केल्यावर मैनेचं मान झटकणं आणि मागे सरकणं जवळपास थांबलं. दुखणं तोंडात होतं, हे नक्की झालं.

मग कायम बिनबिटाचंच का ठेवू नये? मी हा प्रश्न वडिलांपुढे मांडला, कारण तो खरा पर्याय आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. नाकाडाचं हाड खाली टोकाकडे अगदी पातळ होतं, तिथेही नसा आहेत, आणि लांब दांड्यांचा हॅकमोर (नाकाडावर दाब देणारा बिनबिटाचा लगाम) उतावळ्या हातात काटेरी लगामाइतकाच निर्दय होऊ शकतो. दुसरं, मुलीला ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, स्पर्धेत उतरायचं होतं आणि तिथे बिट लागतं. बागेतल्या रस्त्याला ट्रॅक्टर आणि पिकअपची वर्दळ असल्याने वडिलांनाही बिट आणि मोरकी या दोन्ही सोयी हव्या होत्या. म्हणून ठरलं: बिट शोधायचं, पण मोरकीतलं काम सोडायचं नाही.

माप आणि निवड

रुंदी आधी मोजली. बारीक गुळगुळीत लाकडी काडी बिटाच्या जागी आडवी धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण केली. अंतर भरलं 11.8 सेंटिमीटर. घरातली तिन्ही बिटं साडेपाच इंची, म्हणजे जवळपास 14 सेंटिमीटर! एवढं रुंद बिट एक वादी घेतली की त्या बाजूला सरकतं, मधला सांधा मध्यावर राहत नाही, आणि मैनेच्या तोंडात सरकून तो डाव्या उंचवट्याकडे जात होता. मारवाडी घोड्यांची तोंडं बहुधा अरुंद असतात. दुकानात उंची सांगून बिट मागितलं की मोठ्या चणीच्या थरोब्रेडचं (शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं) माप हातात पडतं.

मग जाडी. जाड दांडा दाब पसरवतो म्हणून सौम्य, असा सर्रास समज आहे आणि भरपूर जागा असलेल्या तोंडात तो खराही ठरतो. मैनेच्या तोंडात आधीच जीभ आणि टाळू एकमेकांना टेकलेले. तिथे बोटभर जाडीचं रबर घातल्यावर जीभ दिवसभर चेपलेली राहणार. वादी न ओढताही दाब चालूच. तिने जीभ बिटाच्या वर काढली ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून. शिवाय रबर कोरड्या तोंडात ओठांना घासतं. म्हणून 14 मिलिमीटरच्या आसपासचा, गुळगुळीत, स्टीलचा दांडा घ्यायचं ठरवलं. वडिलांना तो बारीक वाटला, "रुतणार नाही का?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. याहून पुष्कळ बारीक, तारेसारखा दांडा नक्कीच रुतला असता. दुखणार नाही इतका जाड आणि मावेल इतका बारीक, यांच्यामधली पट्टी प्रत्येक तोंडात वेगळी असते. मैनेची फार अरुंद होती.

आकाराचा विचार सर्वांत जास्त केला. एक सांध्याचं बिट दोन्ही वाद्या एकदम घेतल्या की अडकित्त्यासारखं दुमडतं. जिभेला दोन्ही कडांनी धरतं, हिरडीवर उतरतं, आणि टाळू खाली असेल तर सांध्याचं टोक वर टेकू शकतं. मैनेला तिन्ही ठिकाणी अडचण. सरळ किंवा किंचित वाकवलेला अखंड दांडा दुमडत नाही, स्थिर राहतो आणि पुष्कळ भित्र्या घोड्यांना तो फार मानवतो. पण त्याचा बराचसा भार जिभेच्या मध्यावर येतो, आणि तिथेच तिची जुनी खूण. राहिला तिसरा प्रकार: दोन सांधे, मध्ये गोलसर गुळगुळीत दाणा आणि दोन्ही हात जिभेच्या गोलाईप्रमाणे वळवलेले. दाणा जिभेवर आडवा झोपतो, हात तिला वळसा घालतात आणि दुमडण्याचा जोर विभागला जातो.

इथे खरेदी करताना फार सांभाळावं लागतं. मध्ये दाणा असलेलं बिट आणि मध्ये चपटी तिरकी पट्टी असलेलं बिट खोक्यात अगदी सारखी दिसतात. दुसऱ्यात पट्टीची कड जिभेत घुसते. ओळखायचं असं: दोन्ही कड्या धरून बिट घोड्याच्या तोंडात राहील तसं समोर ताणायचं आणि मधल्या तुकड्यावरून अंगठा फिरवायचा. जिभेकडच्या बाजूला कुठेही धार लागली तर ते परत ठेवायचं. सांध्याच्या फटीत नख अडकतंय का, तेही बघायचं. आम्ही पाहिलेल्या एका नगात ओतकामाचा बारीक खडा राहिला होता. डोळ्याला दिसत नव्हता, बोटाला लागला.

बाजूच्या कड्या दोन तऱ्हेच्या मिळतात. दांड्याच्या भोकातून मोकळ्या फिरणाऱ्या, आणि दांड्याशी पक्क्या जोडलेल्या अंडाकृती. मोकळी कडी सतत हलते, घोड्याला चघळायला लावते, पण भोकाच्या कडेत ओठाचा कोपरा चिमटू शकतो. मैनेच्या कोपऱ्यांत आधीच व्रण होते आणि तोंडातली प्रत्येक हालचाल म्हणजे संकट, असं तिने आयुष्यभर शिकलेलं. म्हणून अंडाकृती, पक्क्या कडीचं, साडेबारा सेंटिमीटरचं बिट घेतलं.

ते घालायचा दिवस जानेवारीतला. निफाडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सकाळी लोखंड किती गार पडतं ते सांगायला नको. बिट कोमट पाण्यात बुडवून, पुसून, वर गुळाचं बोट फिरवून तळहातावर धरलं. ते ओठांशी नेलं आणि तिथेच थांबलो. मैनेने मान वर नेली, कुणी पाठलाग केला नाही. मान खाली आली की बिट पुन्हा ओठांशी, चाटलं की शाबासकी. त्या सकाळी बिट तोंडात गेलंच नाही आणि मुलीचा चेहरा उतरला. पण तोंडात काहीतरी कोंबणाऱ्या माणसांचा या घोडीला भरपूर अनुभव होता. न कोंबणाऱ्यांचा नव्हता. पुढच्या काही दिवसांत तिने स्वतः दात उघडले.

उंची बसवताना "ओठाला दोन सुरकुत्या" हा नियम मी आंधळेपणाने लावत नाही. काही घोड्यांचे ओठ जाड, काहींचे पातळ. सुरकुत्या मोजून तोंडाच्या आतलं कळत नाही. बिट कोपऱ्याला टेकलेलं असावं, कोपरा वर खेचलेला नसावा. मैनेला आणखी एक अट होती: डाव्या उंचवट्याच्या किंचित वर ते बसायला हवं होतं. त्यासाठी गालपट्ट्याला दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पाडावं लागलं. तेव्हा लक्षात आलं की दोन्ही गालपट्ट्यांची भोकंच समोरासमोर नाहीत. म्हणजे आजवर प्रत्येक बिट तिच्या तोंडात एका अंगाला उतरतं बसत होतं.

नाकपट्टा पूर्णपणे काढून टाकला. तो आवळलेला असला की घोडं तोंड उघडू शकत नाही, आणि आपण समजतो की त्याची तक्रार मिटली. मला तर तक्रार दिसायला हवी होती. बिट बदलून पाहताना तोंड बांधलेलं असेल तर उत्तर मिळणार कसं? पुढे स्पर्धेसाठी पट्टा घातला तो नाकाडाच्या हाडावर दोन बोटं सहज जातील इतका सैल. बाजूला, गालाशी बोटं घालून मोजलं तर फसगत होते, तिथे जागा नेहमीच मिळते.

हात

सुरुवातीला बिट वाद्यांशिवाय, नुसतं तोंडात ठेवून मैनेला थोडा वेळ फिरवत होतो. मग जमिनीवरून, खांद्याशी उभं राहून, एका वादीने बोटांचा हलका स्पर्श. तिने जबडा सैल केला किंवा मान जराशी वळवली की त्याच क्षणी वादी सैल. या "त्याच क्षणी"वर सगळं अवलंबून आहे. क्षणभर उशीर झाला तर घोडीला कळत नाही की दाब कशामुळे गेला, आणि काटेरी लगामाने तिला शिकवलं होतं की दाब जात नाही, फक्त कमी-जास्त होतो.

मुलीचे हात घट्ट नव्हते, पण स्थिर ठेवण्याच्या नादात ताठ झाले होते. साध्या चालीत आणि कॅन्टरमध्ये (संथ धावेत) घोडं प्रत्येक पावलाला मान खाली-वर करतं, दुडकीत मान बरीचशी स्थिर असते. म्हणजे दुडकीत शांत वाटणारे हात साध्या चालीत प्रत्येक पावलाला तोंडात हिसका देतात. मी तिला वाद्या न देता लांब दोरीवर बसवलं, हात मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवून मान कुठे जाते ते डोळे मिटून सांगायला लावलं. तोल गेला तर धरायला मैनेच्या गळ्यात एक जुनी वादी बांधली. वाद्या हातात आल्यावर तिचे कोपर आपोआप हलू लागले. मग ती म्हणाली, "ताई, आता ती मला ओढत नाही." ओढणारी कोण होती हे तिचं तिला उमगलं होतं, मी काही बोलले नाही.

सध्याची स्थिती

तोंड मिटलेलं असतं, ओठांवर थोडा पांढरा फेस, जीभ जागेवर. लगाम हातात घेऊन गेलं तर मान खाली येते. मागे सरकणं आणि पुढचे पाय उचलणं थांबलं आहे. डावीकडच्या गोलात कॅन्टर घेतला की अजूनही ती डोकं तिरकं करते आणि क्वचित जीभ वर काढायचा प्रयत्न करते. उजवीकडे हे होत नाही, म्हणजे तो उंचवटा आपलं अस्तित्व सांगतो आहे. म्हणून डावा कॅन्टर तूर्त मोरकीतच, बिटात फक्त चाल आणि दुडकी. आठवड्यातून दोन दिवस तोंडाला पूर्ण सुट्टी असते.

लग्नसराईत वरातीसाठी मैनेला मागायला माणसं आली होती. बरा पैसा देत होती, अट एकच: नाचली पाहिजे. वडिलांनी नकार दिला. काटेरी लगाम त्यांनी वाकवून भंगारात घातला, दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून.

दाढांची तपासणी वर्षातून एकदा करायची, आणि तेव्हाच डाव्या बाजूचा दुसरा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून पाहायचा, असं डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. उंचवटा वाढलेला दिसला तर मैनेसाठी बिट कायमचं सोडायचं आणि स्पर्धेला मुलीने क्लबातलं दुसरं घोडं घ्यायचं. हे मुलीला आधीच सांगून ठेवलं आहे आणि तिची तयारी आहे. तोवर मोतद्दार दर स्वारीनंतर ओठांचे कोपरे बघतो, बिट धुतो आणि मधल्या दाण्यावरून अंगठा फिरवून झीज तपासतो.